कायदा कुठे थांबतो? ‘ओयेझ’ या ध्वनिसंग्रहाचे परीक्षण

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील तोंडी युक्तिवाद ज्याला घरबसल्या, विनामूल्य आणि सदस्यत्वाची भानगड न करता ऐकायचे आहेत, त्याच्यासाठी ‘ओयेझ’ हे संकेतस्थळ आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक जेरी गोल्डमन यांनी १९९०च्या दशकात ते सुरू केले आणि आता कॉर्नेल विद्यापीठाची विधी माहिती संस्था, शिकागो-केंट विधी महाविद्यालय आणि ‘जस्टिया’ हे कायदेविषयक संकेतस्थळ असे तिघे मिळून ते चालवतात. न्यायालयाने १९५५च्या ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रणाची पद्धत सुरू केली, तेव्हापासूनचा साठा येथे आहे. एखाद्या सेवेचे परीक्षण सगळीकडून वरवर करण्यापेक्षा तिच्यातील एकच वस्तू नीट वापरून पाहावी, या मताचा मी असल्यामुळे येथे एकाच खटल्याचा विचार केला आहे. तो खटला म्हणजे ‘होल्डर विरुद्ध ह्युमॅनिटेरियन लॉ प्रोजेक्ट’. दहशतवादविरोधी कायद्याचा हात भाषणस्वातंत्र्यापर्यंत आणि शांततेसाठी काम करणाऱ्या संस्थांपर्यंत किती लांब पोचतो, हा प्रश्न या खटल्याइतक्या उघडपणे क्वचितच कुठल्या न्यायालयापुढे आला असेल.

प्रकरणाची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती माहीत नसेल तर ध्वनिमुद्रणाचा अर्धा अर्थ निसटतो. अमेरिकी संसदेने १९९६मध्ये केलेल्या कायद्यानुसार परराष्ट्र खात्याने ‘परकीय दहशतवादी संघटना’ म्हणून यादीत घातलेल्या कोणत्याही संघटनेला जाणूनबुजून ‘भौतिक साहाय्य’ करणे हा गुन्हा ठरला. पैसा, शस्त्रे, निवारा यांच्या जोडीला ‘प्रशिक्षण’, ‘सेवा’, ‘तज्ज्ञाचा सल्ला’ असे शब्दही कालांतराने त्या व्याख्येत आले. औषधे आणि धार्मिक साहित्य एवढ्यांनाच सूट राहिली. शिक्षेची कमाल मर्यादा सुरुवातीला १० वर्षे होती, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ती १५ झाली आणि २०१५मध्ये २०. पहिली यादी १९९७च्या ऑक्टोबरमध्ये निघाली आणि तिच्यात तुर्कस्तानातील कुर्दांची ‘पीकेके’ व श्रीलंकेतील ‘लिट्टे’ या दोन्ही संघटना होत्या. लॉस एंजेलिसच्या ह्युमॅनिटेरियन लॉ प्रोजेक्ट या संस्थेचे अध्यक्ष राल्फ फर्टिग हे निवृत्त प्रशासकीय न्यायाधीश आणि नागरी हक्क चळवळीतले जुने कार्यकर्ते. त्यांच्या संस्थेला पीकेकेच्या लोकांना तीन गोष्टी शिकवायच्या होत्या, किंवा त्यांच्यासाठी करायच्या होत्या: आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घेऊन वाद शांततेने कसा मिटवावा, संयुक्त राष्ट्रांसारख्या व्यासपीठांकडे दाद कशी मागावी, आणि तुर्कस्तानातील कुर्दांच्या बाजूने राजकीय प्रचार. हे करताना आपल्याला अटक होईल का, याचे उत्तर मिळवण्यासाठी ते १९९८मध्ये न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला २०१०चा जून उजाडला.

‘ओयेझ’वर हा खटला शोधताना नवख्या माणसाची हमखास गफलत होते. येथील मांडणी न्यायालयाच्या सत्रानुसार असते आणि सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. त्यामुळे २०१०मध्ये ऐकला गेलेला आणि निकालात निघालेला हा खटला २००९च्या सत्रात ठेवलेला आहे. एकदा पान उघडले की मांडणी अगदी सुटसुटीत आहे. खटल्याची हकिगत, न्यायालयापुढील प्रश्न, निष्कर्ष, आणि कोणते न्यायमूर्ती कोणत्या बाजूला होते हे दाखवणारी छायाचित्रांची ओळ. ध्वनिमुद्रण सुरू केले की लिखित उतारा सोबत सरकू लागतो आणि जो बोलत असेल त्याचे नाव समोर येते. ही सोय वाटते तितकी साधी नाही. न्यायालयाचे स्वतःचे उतारे २००४पर्यंत खंडपीठावरून कोण बोलले ते सांगतच नसत, नुसते ‘प्रश्न’ असे छापत. जुन्या ध्वनिमुद्रणांतील आवाज ओळखून प्रत्येक वाक्य ज्याचे त्याच्या नावावर लावण्याचे कष्ट या प्रकल्पाने घेतले आहेत. अभ्यासकाला एवढ्या एका गोष्टीसाठीही या संग्रहाचे ऋण मान्य करावे लागेल.

आता प्रत्यक्ष सुनावणी. २३ फेब्रुवारी २०१० रोजी प्रथम डेव्हिड कोल संस्थेच्या बाजूने उभे राहतात, नंतर सरकारच्या बाजूने त्या वेळच्या सॉलिसिटर जनरल एलेना केगन. (त्याच वर्षी त्या या न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या, त्यामुळे पुढच्या सत्रांतील ध्वनिमुद्रणांत हाच आवाज प्रश्न विचारताना ऐकू येतो.) साधारण तासाभराचे हे बोलणे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवते, असे मी म्हणतो त्याचे कारण एकच आहे. कायदा नेमका कुठे थांबतो, हा प्रश्न येथे न्यायमूर्ती पुन्हा पुन्हा विचारतात आणि सरकारला त्याचे उत्तर तिथल्या तिथे, उदाहरणागणिक द्यावे लागते. छापील निकालपत्रात ही उत्तरे घासूनपुसून गुळगुळीत झालेली असतात. आवाजात त्यांच्या कडा तशाच राहतात.

केगन यांची भूमिका अशी, की एखाद्या नागरिकाने स्वतःच्या मनाने, स्वतंत्रपणे कोणत्याही संघटनेची बाजू घेऊन लिहावे किंवा बोलावे. इतकेच काय, तिचे सदस्यही व्हावे. कायदा त्याला हात लावत नाही. परंतु त्या संघटनेशी संधान बांधून, तिच्यासाठी म्हणून केलेली सेवा मात्र गुन्हा आहे, मग ती सेवा शब्दांची का असेना. यावर खंडपीठावरून ओघाने प्रश्न येतो, की मग वकिलाने अशा संघटनेच्या वतीने न्यायालयात निवेदन दाखल केले तर काय? होय, तेही या व्याख्येत बसेल, असे सरकारतर्फे सरळ सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात उभे राहून, न्यायालयापुढे बाजू मांडणे हाच गुन्हा ठरू शकतो असे सांगणे ही केवढी मोठी कबुली आहे, हे वाचताना चटकन लक्षात येत नाही. ऐकताना मात्र मन थबकते.

न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर विचारतात, की या व्याख्येप्रमाणे संघटनेच्या सदस्यांना माउथ ऑर्गन वाजवायला शिकवणेही बेकायदा ठरेल ना? त्यावर न्यायमूर्ती स्कॅलिया ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातील सूत्रधार मोहम्मद अत्ता याचे नाव घेऊन म्हणतात, की त्याचे वादकांचे पथक गावोगाव फिरून बक्कळ पैसा मिळवूही शकेल. दालनात हशा पिकतो. उताऱ्यात या ठिकाणी कंसात एक शब्द आहे. ध्वनिमुद्रणात ते हसू प्रत्यक्ष ऐकू येते, आणि एखाद्या माणसाला १५ वर्षे तुरुंगात घालू शकणाऱ्या व्याख्येवर चर्चा चालू असताना ते ऐकणे अस्वस्थ करणारे आहे. मात्र स्कॅलियांचा विनोद पोकळ नव्हता. दिलेले कोणतेही कौशल्य अखेर संघटनेच्या तिजोरीत जाते, हाच सरकारचा मूळ मुद्दा. केगन यांनी तो हिजबुल्लाहच्या उदाहरणाने मांडला: ही संघटना बॉम्बही बनवते आणि घरेही बांधते, तिला घरे बांधायला मदत करणे म्हणजे बॉम्ब बनवायला मदत करणे होय, असे संसदेने ठरवलेले आहे.

न्यायमूर्ती केनेडी हे प्रकरण आपल्याला अवघड वाटते असे बोलून दाखवतात, आणि शेवटी सरकारच्या बाजूने मत देतात. न्यायमूर्ती थॉमस यांचा आवाज शोधू नये. त्या काळात ते वर्षानुवर्षे एकही प्रश्न विचारत नसत.

२१ जून २०१०चा निकाल ६ विरुद्ध ३ असा लागला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या वतीने लिहिले, की अशा शिकवणीमुळे संघटनेची इतर साधने हिंसेसाठी मोकळी होतात, तिला प्रतिष्ठा मिळते, मित्रराष्ट्रांशी असलेल्या संबंधांवर परिणाम होतो, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे ज्ञान वेळकाढूपणासाठीही वापरता येते. बहुमताने स्वतंत्र अभिव्यक्तीला धक्का नसल्याचे नमूद केले आणि देशांतर्गत संघटनांच्या बाबतीत असाच कायदा चालेल असे आपण म्हणत नाही, असेही स्पष्ट केले. उदारमतवादी मानले जाणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स या बहुमतात होते, ही गोष्ट छायाचित्रांची ओळ पाहताना विशेष लक्षात येते.

याच पानावर निकाल जाहीर करतानाचे ध्वनिमुद्रणही आहे आणि माझ्या मते या सबंध पानावरची सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. विरोधी मत असलेले न्यायमूर्ती सहसा लेखी मत देऊन थांबतात. येथे न्यायमूर्ती ब्रायर यांनी गिन्सबर्ग आणि सोटोमायर यांच्यासह दिलेल्या आपल्या मताचा सारांश खंडपीठावरून मोठ्याने सांगितला. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल. परंतु संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज कसा करावा हे ज्ञान बॉम्बमध्ये रूपांतरित होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. प्रतिष्ठेचा मुद्दा मान्य केला तर तो कुठे थांबणार, कारण स्वतंत्रपणे केलेल्या समर्थनानेही प्रतिष्ठा मिळतेच, हा दुसरा. आपल्या बोलण्याने हिंसक कृत्यांना हातभार लागेल हे ज्याला माहीत आहे किंवा ज्याचा तसा हेतूच आहे, त्याच्यापुरता कायदा मर्यादित वाचावा, असा त्यांचा तोडगा होता. मला तो पटतो. बहुमताने दाखवलेला धोका खोटा आहे असे नाही. वाटाघाटींच्या आडून शस्त्रे जमवणाऱ्या संघटना जगाने पाहिल्या आहेत. तथापि धोक्याची शक्यता आणि धोक्याचा पुरावा यांतील अंतर सरकारने भरून काढले नाही, आणि न्यायालयाने ते भरून काढायला लावले नाही.

सेवेची उणीव येथून सुरू होते. खटल्याचे पान २०१०मध्ये थांबते. पुढे काय झाले याचा मागमूस त्यावर नाही, आणि हा खटला तर असा आहे की त्याचा खरा अर्थ न्यायालयाच्या पायऱ्या उतरल्यावरच कळतो. निवडणूक निरीक्षण आणि मध्यस्थीसाठी ख्यातनाम असलेल्या आपल्या केंद्राच्या कामालाच या कायद्यामुळे बाधा येते, असे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी निकालानंतर म्हटले होते. २०११मध्ये सोमालियात दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा बाधित प्रदेशाचा मोठा भाग अमेरिकेच्या यादीतील अल-शबाबच्या ताब्यात होता. अल-शबाबने स्वतःच अनेक मदतसंस्थांना हाकलले होते, हे खरेच. पण वाटेत द्यावी लागणारी पट्टी किंवा लुटले गेलेले धान्य ‘भौतिक साहाय्य’ ठरेल या भीतीने मदतीचा ओघही आटला होता. अमेरिकेने आपली बंधने सैल केली ती ऑगस्टमध्ये, दुष्काळ जाहीर झाल्यानंतर. त्या संकटात सुमारे २ लाख ६० हजार माणसे दगावली आणि त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती, असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे.

शांतताप्रक्रियेवरचा परिणाम अधिक छुपा असतो. श्रीलंकेत २००२च्या शस्त्रसंधीवर देखरेख ठेवणाऱ्या पथकात नॉर्वे, आइसलँड, स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क या पाच देशांचे निरीक्षक होते. युरोपीय संघाने मे २००६मध्ये लिट्टेला आपल्या यादीत टाकले. लिट्टेने संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक नकोत अशी अट घातली आणि पाचांपैकी तीन देश बाहेर पडले. शस्त्रसंधी केवळ त्यामुळे मोडली असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल, दोन्ही बाजू लढाईकडे निघाल्याच होत्या; परंतु ज्या वर्षी निरीक्षकांची सर्वाधिक गरज होती त्याच वर्षी ते कमी झाले. कोलंबियात २०१६मध्ये शांतता करार झाला, ‘फार्क’ने शस्त्रे खाली ठेवली, तरी अमेरिकेच्या यादीत तिचे नाव २०२१च्या नोव्हेंबरपर्यंत राहिले, आणि तोवर माजी बंडखोरांच्या पुनर्वसनात अमेरिकी मदत थेट पोचू शकत नव्हती. आणि ज्या पीकेकेला शांततेचे मार्ग शिकवण्याची परवानगी फर्टिग १९९८मध्ये मागत होते, तिने मे २०२५मध्ये स्वतःचे विसर्जन जाहीर केले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०२२ रोजी ठराव क्रमांक २६६४ संमत करून, मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट दिली. १५पैकी १४ सदस्यांनी बाजूने मत दिले. तटस्थ राहिलेला एकमेव देश भारत होता. अशा सवलतींचा गैरफायदा घेऊन बंदी घातलेल्या संघटना मदतसंस्थांचा मुखवटा चढवतात, असे भारताचे म्हणणे होते आणि आपल्या शेजारचा अनुभव पाहता ते निराधार म्हणता येणार नाही. ठरावाला अनुसरून अमेरिकेच्या अर्थखात्याने जे सर्वसाधारण परवाने काढले त्यांत शांतता-उभारणीच्या कार्यक्रमांचाही उल्लेख आहे. मात्र ‘भौतिक साहाय्या’चा फौजदारी गुन्हा आणि त्यावरचा २०१०चा निकाल जागच्या जागी आहेत. यातले काहीही ‘ओयेझ’च्या पानावर सापडणार नाही. संग्रहाकडून वृत्तपत्राची अपेक्षा ठेवू नये हे मान्य; पण दोन-चार ओळींची पुस्ती जोडणे अवघड नव्हते.

मराठी वाचकाने हे सगळे कशासाठी ऐकावे, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडच्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याशी (म्हणजे ‘यूएपीए’शी) तुलना करताच त्याचे उत्तर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये अरूप भुयान प्रकरणात, बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्व हा गुन्हा नव्हे, प्रत्यक्ष हिंसा किंवा हिंसेची चिथावणी असली पाहिजे, असे म्हटले होते आणि त्यासाठी अमेरिकी निकालांचाच आधार घेतला होता. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल चुकीचा ठरवला. आपल्या घटनेची चौकट वेगळी असल्याने अमेरिकी निकाल जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, असे सांगितले आणि सदस्यत्व हाच गुन्हा ठरवणारे कलम १० कायम केले. म्हणजे केगन ज्या गोष्टीला अमेरिकेत मुभा आहे असे ठासून सांगत होत्या, तीच येथे गुन्हा आहे. उलट आपल्या कलम ३९मध्ये दहशतवादी संघटनेला पाठिंबा देण्याच्या गुन्ह्यासाठी तिच्या कारवाया पुढे नेण्याचा हेतू लागतो, म्हणजे ब्रायर जे मागत होते त्याच्या जवळ जाणारी अट कागदावर तरी आहे. जुलै २०२३मध्ये एल्गार परिषद प्रकरणातील दोघांना जामीन देताना, हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य नुसते जवळ असणे हे दहशतवादी कृत्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, हेही ध्यानात ठेवावे. जुलै २०२५मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जे विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, त्यात ‘बेकायदा कृत्य’ बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनीही घडू शकते. अशा व्याख्येला कोणते प्रश्न विचारावेत, हे ज्याला शिकायचे आहे त्याने सोटोमायर यांचा माउथ ऑर्गन जरूर ऐकावा.

आपल्या न्यायालयाशी तुलना केली तर चित्र मिश्र आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात आजही कॅमेऱ्याला मज्जाव आहे. आपल्या घटनापीठांपुढील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२पासून सुरू झाले, आणि शिवसेनेच्या वादाची सुनावणी चालू असताना, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, युक्तिवादांचा यांत्रिक उतारा काढण्याचा प्रयोगही झाला. निकालपत्रे विनामूल्य वाचता येतात आणि त्यांतील काहींचा मराठी अनुवादही मिळतो. परंतु आवाज, उतारा, बोलणाऱ्याचे नाव आणि निकाल हे सगळे एकाच पानावर, एकमेकांशी जोडलेले, सात दशकांच्या खोलीचे असे काही आपल्याकडे नाही. ‘ओयेझ’ पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि वकिली इंग्रजी झपाट्याने बोलले जाते, ही मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला अडचण वाटेल. उतारा सोबत असल्याने ती बरीच हलकी होते. खटल्याचा सारांश मात्र फारच त्रोटक आहे. त्यावर विसंबून परीक्षेत उत्तर लिहिणाऱ्याचे नुकसान होईल. मूळ निकालपत्राचा दुवा ‘जस्टिया’कडे नेतो, तो उघडावाच.

विधी शाखेचे विद्यार्थी, पत्रकार, आणि विशेषतः संघर्षग्रस्त भागांत काम करणाऱ्या संस्थांचे विश्वस्त यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवीन. क्रम एवढाच पाळावा, की प्रथम केगन यांचा भाग ऐकावा, मग कोल यांचा, आणि ब्रायर यांचे निवेदन शेवटी. कारण सरकारची बाजू पूर्ण ताकदीने कानावर पडल्याशिवाय तिला दिलेल्या उत्तराची किंमत कळत नाही.